मुलांच्या हक्कांची दाद कोठे मागावी?



बीड जिल्ह्यातून कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर त्यांची मुलेही जातात. शाळा सुटते, कोयता हाती येतो. ‘हे चालायचेच’ असे मुकादम म्हणतो. आपणही तसेच म्हणणार काय?

कायदे आहेत. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली. मात्र शाळेनंतर घरच्या व्यवसायात ‘मदत’ करण्याची पळवाट राखली गेली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

परंतु दाद कोठे मागावी, हे आईबापांना ठाऊक नसते. ते सांगणे आपले कर्तव्य आहे. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी अहोरात्र व विनामूल्य आहे. निराधार मुलाला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे कोणीही नागरिक नेऊ शकतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये मुलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा.

ही माहिती प्रत्येक शाखेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लागली पाहिजे. मात्र अर्ज देऊन स्वस्थ बसू नका. संघटित रेट्यावाचून सरकारी कागद हलत नाही!