विहीर एक, कर्जे तीन



बदनापूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांत विहिरीजवळ उभ्या असलेल्या सौर प्लेटांचे आता कुणाला नवल वाटत नाही. राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेने एक लाख पंपांचा टप्पा ओलांडला, तेव्हा पंप बसवण्यात जालना जिल्हा सर्वांत पुढे होता आणि बीड त्याच्या मागोमाग. यांतला पाच अश्वशक्तीचा एक पंप घ्या आणि तो कुठून कुठून आला याचा माग काढा. त्याला ४,८०० वॅटच्या प्लेटा लागतात. सेल आणि पॅनेल भारतात बनलेले असावेत अशी केंद्राच्या कुसुम योजनेची अट आहे. पण सेलसाठी लागणारी सिलिकॉनची पातळ चकती बहुतेक वेळा चीनमधून येते, कारण पॅनेल तयार होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर जगातल्या उत्पादनाचा ८० टक्क्यांहून मोठा वाटा आज त्या एका देशाच्या हाती आहे. किमतीतले १० टक्के शेतकरी भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के. केंद्राचे अनुदान वगळून उरलेला मोठा भार राज्याचा, आणि तो उचलण्यासाठी राज्याने आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेकडून सुमारे ९ हजार कोटी रुपयांचे कर्ज घ्यायचे ठरवले. या बँकेचे मुख्यालय बीजिंगमध्ये आहे. भारत आणि फ्रान्स यांनी २०१५मध्ये पॅरिसला जाहीर केलेली आंतरराष्ट्रीय सौर आघाडी गुरुग्राममधून काम करते. तिने २२ देशांची मिळून सुमारे २ लाख ७२ हजार सौर पंपांची मागणी एकत्र करून एकच निविदा काढली, भाव खाली यावा म्हणून. देशादेशांतले ऊर्जेचे सहकार्य परिषदांच्या व्यासपीठांवरून केव्हाच उतरले आहे. ते जालन्याच्या शिवारात येऊन पाणी उपसते आहे.

ते आले हे चांगलेच झाले. थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची मिळणार म्हणून थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत बारे धरायला जाणे काय असते, हे या भागातल्या कोणत्याही घराला सांगायला नको. डीपी जळाली की ऐन फुलोऱ्यात आठवडा जातो. दिवसा, आपल्या हुकमाने चालणारा पंप मिळणे ही त्या शेतकऱ्याच्या आयुष्यातली खरी सुधारणा आहे. पैसा बीजिंगच्या बँकेचा आहे, ही हरकत मला वजनदार वाटत नाही. त्या बँकेत चीनच्या खालोखाल सर्वांत मोठा भागधारक भारत आहे आणि सर्वाधिक कर्ज घेणाराही भारतच. कर्ज कुणाचे यापेक्षा ते कशासाठी आणि कोणत्या अटींवर घेतले हे पाहायला हवे, आणि त्या बाजूने पाहिले तर या सहकार्यात एक मोठी उणीव दिसते. ऊर्जेचा करार वेगळा आणि पाण्याचा वेगळा, असे आपण केले आहे. आणि जालन्यात हे दोन्ही करार एकाच विहिरीवर येऊन थांबतात.

आणि कर्जे मोजली तर ती दोन नव्हे, तीन. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला पोकरा, मराठवाड्यात आणि विदर्भात राबवला गेला. त्यात शेततळी, ठिबक, विहिरी यांना अनुदान मिळाले आणि गावात पडणारा पाऊस, मुरणारे पाणी, पिकांची गरज यांचा ताळेबंद मांडण्याची पद्धत मुंबईच्या आयआयटीने तयार करून दिली. पुन्हा जागतिक बँकेचेच अर्धे कर्ज असलेली अटल भूजल योजना २०२० पासून राज्याच्या १३ जिल्ह्यांत आली, त्यांत जालना आहे. तिचा सारा भर गावाने आपल्या पाण्याचा जमाखर्च स्वतः मांडावा यावर. आणि तिसरे कर्ज सौर पंपांचे. एक कर्ज पाणी साठवायला शिकवते, दुसरे पाणी मोजायला शिकवते आणि तिसरे पाणी उपसायचे साधन देते. प्रत्येकाचे खाते वेगळे, कार्यालय वेगळे, उद्दिष्टाचा आकडाही वेगळा. पंपांच्या योजनेचे यश बसवलेल्या पंपांच्या संख्येवर ठरते. त्या पंपांनी किती पाणी काढले हा तिच्या पुस्तकातला प्रश्नच नाही. अतिशोषित भागात नवा सौर पंप द्यायचा नाही, फार तर डिझेल इंजिनाच्या जागी सूक्ष्म सिंचनासह द्यायचा, असे केंद्राच्या सूचना सांगतात. पण ही चाळणी फक्त दारावर आहे. एकदा पंप बसला की पुढची पंचवीस वर्षे कुणी हिशेब विचारत नाही.

यावर अनुभवी शेतकरी दोन गोष्टी सांगेल आणि त्या दोन्ही ऐकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला २०२४ पासून तसेही वीजबिल माफ आहे. वीज फुकट आणि ऊनही फुकट, मग दोष सौर पंपालाच का? दुसरी अशी की, आपला खडक काळा बेसाल्ट. विहीर दोन-तीन तास चालली की तळ गाठते आणि पाझर भरायला पुढचा दिवस लागतो, तेव्हा उपशाची मर्यादा विहीरच घालून देते. पहिल्याचे उत्तर असे की, महावितरणच्या विजेला वेळापत्रक आहे. आठ तास, तेही कधी दिवसा कधी रात्री, शिवाय बिघाड. त्या गैरसोयीत उपशाला आपोआप लगाम बसला होता. तो कुणी ठरवून घातला नव्हता, पण होता. सौर पंप तो काढून टाकतो. दुसरे म्हणणे एका विहिरीपुरते खरे आहे. पण बेसाल्टच्या भेगांतले पाणी सात-बारा पाहून वाहत नाही. एका ओढ्याच्या काठी पंधरा-वीस विहिरी असतील तर त्यांचा साठा बराचसा सामाईक असतो, आणि ज्याचा पंप सकाळी आधी चालू होतो त्याच्याकडे पाणी आधी जाते. शेजारी मग बोअर घेतो. भूजल कायद्याने बोअरच्या खोलीला ६० मीटरची सीमा घातली आहे. ती किती पाळली जाते, हे गावोगाव फिरणाऱ्या बोअरच्या गाड्याच सांगतील.

शिवाय पावसाळ्यात हा पंप रिकामा उभा राहील असे वाटते, तसे होत नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आपल्याकडे पावसाच्या अपधावेने कमी आणि विहिरीतून उपसून जास्त भरली जातात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विहीर तुडुंब असते, पंप मोकळा असतो, ऊन असते. मग जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी वर काढून उघड्यावर ठेवायचे आणि उन्हाळाभर त्यातले काही वाफेने गमवायचे. द्राक्षाची किंवा मोसंबीची बाग जगवणाऱ्या माणसाला यात दोष देता येत नाही. मे महिन्यात हमखास हाताशी असलेले पाणी त्याला हवे आहे, आणि सामाईक साठ्यात त्याचा वाटा राखून ठेवील अशी कोणतीही व्यवस्था आपण त्याला दिलेली नाही. शेततळ्याला एका परदेशी कर्जातून अनुदान, ते भरणाऱ्या पंपाला दुसऱ्यातून, आणि दोन्हींमुळे खालावणारी पातळी मोजायला तिसऱ्यातून: धोरणातला हा विसंवाद शेतकऱ्याने निर्माण केलेला नाही.

तो दूर करण्यासाठी लागणारी साधने जिल्ह्यात आलेली आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सौर पंपाच्या खांबावर जी कंट्रोलरची पेटी असते, तिच्याशी दूरदेखरेखीचे यंत्र जोडलेले असते आणि त्यात एक सिमकार्ड असते. पंप आज किती तास चालला, किती युनिट वीज झाली, ही माहिती त्यातून जाते. जाते पुरवठादाराकडे आणि योजनेच्या संगणकावर. ग्रामसभेसमोर ती मांडली जात नाही. पंपाची शक्ती, विहिरीची खोली आणि चाललेले तास माहीत असले की उपशाचा अंदाज बांधता येतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पोकराने गावाच्या पाण्याचा ताळेबंद शिकवलेला आहे. म्हणजे जमेची बाजू एका योजनेकडे, खर्चाची बाजू दुसरीकडे आणि शिल्लक तिसरीकडे. एखादा शेतकरी किती पाणी वापरतो हे चव्हाट्यावर मांडायचे नाही, त्याची गरजही नाही. एका पाणलोटातील साऱ्या पंपांची बेरीज गावाला कळली तरी पुरे. कर्ज देणाऱ्या दोन बँकांकडे राज्याने मागायला हवे ते हे: पुढच्या हप्त्यात ही तिन्ही ठिकाणची माहिती एकत्र आणण्याचे काम धरा.

दुसऱ्या देशांकडून आणि दुसऱ्या राज्यांकडून शिकण्यासारखे आहे ते इथे. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६मध्ये, कोलंबोला मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या मदतीने, सौर पंपधारकांची सहकारी संस्था उभी राहिली. सुरुवातीला सभासद होते फक्त सहा. पंपाला न लागणारी वीज त्यांनी वीज कंपनीला २५ वर्षांच्या कराराने ४ रुपये ६३ पैसे युनिटने विकायची आणि त्या बदल्यात अनुदानित कृषी वीजजोडणीचा हक्क सोडायचा, असा व्यवहार झाला. विजेला गिऱ्हाईक मिळाले की पाणी उपसण्याची घाई कमी होईल, ही त्यामागची कल्पना. बांगलादेशाने वेगळी वाट धरली: मोठा पंप एक आणि त्यावर अनेक लहान शेतकरी, पाण्याचे दर ठरलेले. या दोन्हींची नक्कल जालन्यात जशीच्या तशी चालणार नाही. बांगलादेशाखाली गाळाचा प्रदेश आहे, आपल्याखाली खडक. आपले बहुतेक सौर पंप वीजवाहिनीला जोडलेलेच नाहीत, त्यामुळे विकायची म्हटली तरी वीज बाहेर जायला वाट नाही. अशा पंपांसाठी बहुउपयोगी कंट्रोलर मिळतो, त्यावर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालते. दिवसाला वीस युनिटच्या आसपास वीज अशी वापरात आली तर दुभत्या जनावरांच्या घराला तिचा थेट उपयोग आहे. जिथे वाहिनी जवळ आहे तिथे ढुंडीचा मार्ग खुला करावा. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ढुंडीच्या शेतकऱ्यांनी वीज विकली तसे शेजाऱ्यांना पाणीही विकले. एप्रिलमध्ये दहा वर्षांची मोसंबीची बाग डोळ्यांदेखत वाळत असताना युनिटमागे चार-पाच रुपये मिळतात म्हणून कुणी पंप बंद ठेवणार नाही. विजेचा भाव मदत करतो, पण शिस्त लावत नाही. शिस्त गावालाच ठरवावी लागते.

आणि गाव अशी शिस्त ठरवते का, हा तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप. कर्जमाफी, वीजमाफी, दुष्काळ यांत भरडलेल्या शेतकऱ्याला कुठे एक साधन मिळाले, तर लगेच त्याला पाण्याच्या अटी घालायला निघालात, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर जालना तालुक्यातच आहे. कडवंची हे गाव आज द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी राज्यभर ओळखले जाते. तिथले पाणलोटाचे काम १९९०च्या दशकात भारत-जर्मनी पाणलोट विकास कार्यक्रमातून सुरू झाले. पैसा जर्मन विकास बँकेचा, तो येत होता नाबार्डमार्फत, आणि गावात काम उभे केले विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने. या कार्यक्रमाला अटी होत्या आणि त्या कडक होत्या. श्रमदान हवे, मोकाट चराई बंद, झाडे तोडणे बंद. आधी एका लहान तुकड्यावर काम करून दाखवायचे, मगच मोठा निधी. खर्चाचे निर्णय गावच्या पाणलोट समितीच्या सहभागाने. माथ्यावर चर, शेतांना बांध, ओढ्यांवर बंधारे असे करत काम खाली आले. २०१२च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागा तुटत असताना कडवंचीची द्राक्षे उभी राहिली. जर्मन करदात्याचा पैसा आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे श्रम यांची सांगड तिथे बसली, कारण अट वरून लादलेली नव्हती. गावाने ती ग्रामसभेत स्वीकारली होती आणि मोडणाऱ्याला गावच जाब विचारत होते. कडवंचीतही नंतर शेततळी वाढली आणि उपशाचे प्रश्न आले, हे खरे आहे. पण दुसऱ्या देशाच्या मदतीला गावाच्या नियमाची जोड देता येते, हे त्या गावाने सिद्ध करून ठेवले आहे.

तेव्हा सौर पंपासाठीही तसेच करावे. ज्याला पंप मिळाला त्याच्यावर नवी अट नको. दिलेला शब्द मोडू नये. जे गाव आपल्या पाणलोटातल्या पंपांची बेरीज दर ऑक्टोबरच्या पाणीपातळीशी ताडून रब्बीचे पीक ठरवील, शेततळी कधी आणि किती भरायची याचा ठराव करील, त्या गावाला सौर कर्जातूनच जादा लाभ द्यावा: बहुउपयोगी कंट्रोलर, वीजवाहिनीची जोडणी, आणि पंप दुरुस्त करणारा गावातलाच प्रशिक्षित मुलगा किंवा मुलगी. शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. पुरवठादाराची देखभालीची हमी पाच वर्षांची आहे, प्लेटांचे आयुष्य पंचवीस. मधल्या वीस वर्षांत वाऱ्याने प्लेटा उलटतील, कंट्रोलर जळतील, आणि पुरवठादाराचा दूरध्वनी लागेलच असे नाही. खरपुडीचे केंद्र आणि तालुक्यांतल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था हे शिक्षण देऊ शकतात. सौर आघाडीकडे प्रशिक्षणाचे कार्यक्रम आहेत, ते राजधान्यांतल्या अधिकाऱ्यांपुरते ठेवण्याचे कारण नाही. आणि सुरुवात साऱ्या जिल्ह्यात एकदम करण्याचीही गरज नाही. दुधना आणि कुंडलिकेच्या खोऱ्यांतले एकेक पाणलोट घ्यावे, जिथे अटल भूजलचा जमाखर्च मांडला गेला आहे आणि पंपही दाट आहेत. दोन रब्बी हंगामांत तिथल्या निरीक्षण विहिरी काय सांगतात ते पाहून पुढच्या कर्जाची कलमे लिहावीत.