देवळालीचे गुरुजी आणि १४२८५७



पहाडगंजच्या आपल्या मंडपात आकडे म्हटले की वर्गणी आणि जमाखर्च! आज मी वेगळ्याच आकड्याविषयी बोलणार आहे : १४२८५७. त्याला २ ने गुणा, २८५७१४. ३ ने गुणा, ४२८५७१. सहापर्यंत अंक तेच, फक्त रांग सरकते. ७ ने गुणलं की ९९९९९९! आता त्याचा वर्ग करा : २०४०८१२२४४९. याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे करून बेरीज घ्या, पुन्हा १४२८५७!

वर्गाच्या तुकड्यांतून अशा परत येणाऱ्या संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचं काम क्षुल्लक मानलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर झालं. गुरुजी तेव्हा सत्तरीचे होते!

म्हणून एवढंच सांगतो : घरातलं पोर उगाच आकडेमोड करत बसलं, तर ‘याला मार्क किती?’ असं विचारू नका. वही घेऊन शेजारी बसा.

गणपती बाप्पा मोरया!