युरियाची गोणी आणि बांधावरची निंबोळी
(खानदेशातील शेतकरी मंडळींपुढे केलेले भाषण)



आभाळ भरून आले की आपण कपाशीच्या वावरात युरिया फोकतो आणि घरी निश्चिंत बसतो. पण त्या गोणीतले पिकाच्या तोंडी किती पडले, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? 45 किलोच्या गोणीत नत्र असते 20.7 किलो. त्यातले निम्मेसुद्धा पुष्कळदा पिकाला लागत नाही. दुकानदाराने मापात मारले तर आपण भांडतो. येथे निम्मा माल जातो आणि आपण गप्प!

हे नत्र जाते कोठे? युरिया ओलीत विरघळला की प्रथम त्याचे अमोनियाच्या रूपातले नत्र बनते. त्याला आपली काळी माती धरून ठेवते. पुढे मातीतले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट पीक खाते खरे, पण माती त्याला धरीत नाही. जोराचा पाऊस झाला की ते मुळांखाली वाहून जाते. पाणी तुंबले तर वायू होऊन उडते. खाली गेलेले पुढे विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे असा दंडक आहे. ते फार वाढले तर तान्ह्या मुलाच्या रक्ताला बाधा होते. म्हणजे पैसा आपला आणि भोग आपल्याच लेकरांना!

यावरचा एक उपाय आपल्या बांधावरच उभा आहे. कडुनिंबाच्या बियांतील तेल या जीवांचे काम काही दिवस मंद करते, आणि तेवढी सवड पिकाला मिळते. दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेत यावर प्रयोग झाले. 2015 साली सरकारने देशात बनणाऱ्या सर्व युरियाला निंबतेल लावणे सक्तीचे केले. शेतकऱ्यासाठी स्वस्त केलेला युरिया कारखान्यांकडे वळू नये, हाही त्यात हेतू होता.

परंतु बंधूंनो, निंबतेल म्हणजे अंगारा नव्हे. युरिया मातीवर उघडा टाकला तर अमोनियाचा वायू होऊन उडतो. त्याला हे तेल अडवीत नाही. म्हणून आम्ही सांगतो ते ऐका. सगळा युरिया एकदम देऊ नका, दोन-तीन हप्ते करा. वाफसा पाहून झाडाच्या बाजूला द्या आणि कोळपून मातीआड करा. मुसळधार पावसाच्या तोंडावर फोकू नका. केळीला ठिबक असेल तर त्यातून थोडाथोडा सोडा. शक्य असेल तर युरियाच्या पाचव्या हिश्शाइतकी निंबोळी पेंड त्यात मिसळा. कपाशी काळीभोर दिसली म्हणून हुरळू नका. जादा नत्राने पाला माजतो, तुडतुडे वाढतात आणि बोंडे लांबतात.

ज्या निंबोळ्या आपल्या बायामुली बांधावर तुडवून जातात, त्यांत हा गुण आहे. त्या वेचा, वाळवा, कुटा. आणि पुढच्या हंगामात एका कोपऱ्यात चार ओळींना एक हप्ता कमी देऊन पाहा. उतारा स्वतः मोजा. आमच्या शब्दावर विसंबू नका, आपल्या तराजूवर विसंबा.