कुठून घेतलं, तेवढं सांगा

कॉलेजांत सबमिशनचे दिवस आले, की स्पायरल बाइंडिंग केलेल्या प्रोजेक्टांची चळत टेबलावर येते. एखाद्या पानावर मध्येच ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ असं छापलेलं सापडतं. म्हणजे छापण्याआधी वाचलंसुद्धा नाही! विचारलं, की उत्तर ठरलेलं : ‘‘मॅडम, नेटवर होतं.’’ अरे, नेटवर होतं म्हणजे कुणीतरी बसून लिहिलं होतं ना?

घेऊ नका, असं मी म्हणतच नाही. शेजारून विरजण आपण आणतोच. पण चमचाभर, दूध घरचं. ते तापवायचं, कोमट होऊ द्यायचं, मग विरजण लावून रात्रभर थांबायचं. सकाळचं दही आपलं असतं, आणि विरजण काकूंचं होतं हे सांगताना कमीपणा वाटत नाही. आमची मुलं काकूंचं अख्खं पातेलंच उचलून आणतात! चॅटजीपीटीकडून आणलेलं तर चाखूनही बघत नाहीत. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी त्यानं दिलेले खटले न तपासता कोर्टात मांडले. तसे खटले कधी झालेच नव्हते. 5,000 डॉलर दंड झाला.

मुलांमध्ये दुसरा एक समज पक्का बसलाय : ‘दहा टक्के चालतं.’ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, हे खरं. पण त्याच नियमांत असंही आहे, की श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरायचीच नाही. मग लपवायचं कशाला? म्हणून पुन्हा सांगते, कुठून घेतलं ते लिहा. लेखक, पुस्तक, साल, पान. संकेतस्थळ असेल तर कोणत्या तारखेला पाहिलं तेही.

आणि प्राध्यापक मित्रांनो, आपणही दरवर्षी तेच विषय देतो. मग मागच्या वर्षीचाच प्रोजेक्ट नवं कव्हर घालून येतो. त्याऐवजी आठवडी बाजारातले भाव महिनाभर स्वतः टिपून आणायला सांगितलं, तर...

वेळ संपत आली. मैत्रिणीच्या जर्नलचे फोटो ग्रुपवर फिरतात, त्यावर बोलायचं राहिलंच. तिला विचारल्याशिवाय टाकू नका, एवढंच आज म्हणते. आणि ज्यांचं उद्या सबमिशन आहे, त्यांनी आता फाइल उघडा, शेवटच्या पानावर ‘संदर्भ’ असं लिहा आणि जे जे वापरलंय ते आठवून उतरवायला घ्या. एक पुस्तक आठवलं तरी ते लिहा.