मधल्या तीस वर्षांची नोंद



चळवळीतल्या बाईवर लिहायचं म्हटलं की आपली लेखणी ठरलेल्या वाटेनं जाते. बालपणीचे हाल, लग्न, घरच्यांची साथ, केवढा तो त्याग, आणि मग पुरस्कार. मधली तीस वर्षं दोन परिच्छेदांत उरकतात. त्या वर्षांत ती कुणाशी भांडली, कोणता अर्ज कुठल्या टेबलावर अडला, तिचं म्हणणं कुणी खोडून काढलं, हे वाचकाला कळतच नाही. आज या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मला त्या मधल्या वर्षांविषयीच बोलायचं आहे.

सावित्रीबाई फुले आपल्या सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. अंगावर शेण झेलणारी सावित्रीबाई शाळेतल्या प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत भेटते. पण ऑगस्ट १८६८ मध्ये त्यांनी नायगावहून पती जोतीरावांना लिहिलेलं पत्र आपल्यापैकी किती जणांनी वाचलं आहे? गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी. ती सहा महिन्यांची गरोदर. गाव दोघांच्या जिवावर उठलेलं. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजांच्या कायद्यानं खुनाला काय शिक्षा होते याची त्यांनी जमावाला जाणीव करून दिली, दोघांचा जीव वाचवला आणि त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवलं. काय घडलं, गाव काय म्हणालं, आपण काय केलं, हे सगळं त्यांनी कागदावर उतरवलं. माझ्या मते हे पत्र म्हणजे एका कार्यकर्तीनं स्वतः केलेली घटनेची नोंद आहे, आणि मराठी गद्याच्या इतिहासात तिला तशी जागा मिळायला हवी.

अशा नोंदी पुढे फार थोड्या झाल्या. साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर 'नवऱ्या'चा मार खाण्याचं सोंग केलं. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले आणि साथीदारांनी आतली हत्यारं पळवली. ही हकिकत लोकांपुढे आली, कारण हौसाताई नव्वदी ओलांडून सांगायला उरल्या आणि पी. साईनाथांसारखे पत्रकार ऐकायला त्यांच्या घरी गेले. २०२१ मध्ये हौसाताई गेल्या. त्यांच्याबरोबरीच्या कितीतरी जणींकडे कुणीच गेलं नाही.

कासेगावच्या इंदुताई पाटणकर सोळाव्या वर्षी घर सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या. १९५२ मध्ये पती बाबूजींचा खून झाला तेव्हा मुलगा भारत जेमतेम तीन वर्षांचा होता. पुढे याच घरात अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट सून म्हणून आल्या, आणि सासू-सून दोघी परित्यक्तांच्या लढ्यात उतरल्या. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं नाव ना माहेरच्या रेशनकार्डावर, ना सासरच्या सातबाऱ्यावर. दयेची भाषा बाजूला सारून या बायांनी स्वतःच्या नावाचं कार्ड मागितलं, घरापुरती जागा मागितली. सासू-सुनेच्या भांडणावर आपण हजारो पानं लिहिली. या सासू-सुनेवर किती लिहिली?

साताऱ्यातल्या ॲडव्होकेट वर्षा देशपांडे यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. १९९० पासून दलित महिला विकास मंडळाचं काम त्या करत आल्या. गर्भलिंगनिदानाची केंद्रं त्यांनी कशी पकडली, ते नीट समजून घ्या. एक खरीखुरी गरोदर बाई रुग्ण म्हणून आत जाते. पर्समधल्या नोटांचे नंबर आधीच लिहून घेतलेले असतात, पंच बाहेर थांबलेले असतात. डॉक्टर 'पेढे' (मुलगा) म्हणतो की 'बर्फी' (मुलगी), तेवढं तिनं ऐकायचं. पण तिचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. खटला उभा राहायला वर्षं जातात. पोटातलं ते मूल एव्हाना चालायला लागलेलं असतं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून तिला उलटतपासणी झेलावी लागते, आणि तोवर सासरचे, गावचे 'मिटवून टाक' म्हणत असतात. ज्या जिल्ह्यात २०११ मध्ये 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावं द्यावी लागली, ज्याच्या शेजारी म्हैसाळला २०१७ मध्ये १९ भ्रूण पुरलेले सापडले, तिथे त्या बाईनं दिलेली साक्ष ही मला कुठल्याही कथेइतकीच मोलाची वाटते.

माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट वेगळी. चेतना गाला सिन्हा मुंबईतून तिथे आल्या. तिथल्या बायांच्या बँकेसाठी अर्ज केला तर रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला, कारण प्रवर्तक बाया अंगठा लावणाऱ्या. चेतनाताई निराश झाल्या, पण त्या बाया अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी अधिकाऱ्यांसमोर जाऊन त्या म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनी ते कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवावं. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. इथे नेतृत्व कुणी केलं, असं विचारलं तर मी त्या अक्षरं गिरवणाऱ्या बायांकडे बोट दाखवीन. सांगलीच्या गोकुळनगरातही तेच घडलं. मीना शेषू आणि त्यांची 'संग्राम' ही संस्था एचआयव्हीला आळा घालायला तिथे गेल्या. धंदा करणाऱ्या बायांनी काम आपल्या हातात घेतलं आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद बांधली. आमचा उद्धार करू नका, आमचे हक्क द्या, ही त्यांची भूमिका आपल्यातल्या अनेकांना आजही पचत नाही. न पचो. पण ती त्यांच्याच शब्दांत ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्यावर कथा लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं मी ठामपणे म्हणते.

म्हणून या संमेलनापुढे मी एक ठराव ठेवते आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयानं एक कपाट या कामासाठी द्यावं. मोर्च्यांची पत्रकं, तक्रारअर्ज, बचत गटांच्या वह्या, निकालांच्या प्रती त्यात जमा व्हाव्यात. आपल्यातल्या लिहित्या माणसांनी रेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या दारात जावं, त्यांची बोली आहे तशी उतरवावी, आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखवावी. साक्ष दिलेल्या बायांची नावं त्यांच्या संमतीवाचून कुठेही छापू नयेत, असं कलम मी त्यात घातलं आहे. दुपारच्या चर्चेत ठरावाला हव्या तेवढ्या दुरुस्त्या सुचवा. ते एक कलम मात्र काढू नका.