चाळ पडते आहे, नाव कुणाचे?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



चाळीच्या आठवणी निघाल्या की गणेशोत्सव, कबड्डी, भजनी मंडळ, संपातली भाषणे हेच पुढे येते. सगळे पुरुषांचे. बाई असते ती नळावर भांडणारी, विनोदापुरती. म्हणून आज बीडीडी चाळींबद्दल बायकांच्या बाजूने बोलते.

१९२० साली मुंबई सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे मिळून २०७ इमारती बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. सुरुवातीला कामगार राहायलाच येईनात, कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या. १९३० च्या सत्याग्रहात तर सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला!

पुढे खोल्या भरल्या, आणि एकेका खोलीत दहा-दहा माणसे झाली. त्या काळी गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई होती, बहुतेक रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. मग यंत्रे बदलली, रात्रपाळीची बंदी आली, बाळंतपणाचा भत्ता द्यायचा तर बाई नकोच असे मालकांना वाटू लागले. बाई गिरणीतून खोलीत आली. पण घरी बसली नाही. गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांच्या तिने खाणावळी चालवल्या. चूल तिची, कर्ज सावकाराचे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांना घेऊन, त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. १९८२ च्या संपात कितीतरी घरे या चुलीवर तगली. ही चूल कुठल्या वारसा यादीत येणार?

चाळीचे गोडवे गायला मी उभी नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत दलितांवर दगड आले, आणि त्यानंतरच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. 'आम्ही सगळे एक' म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. आणि रात्री संडासाला जाताना मुलीला सोबत न्यावी लागते, त्या व्हरांड्याचे कौतुक कुणी करावे?

तरी व्हरांड्याचा एक गुण मी कामात पाहिला. नवरा मारायला लागला की शेजारणी दार ठोठावतात. त्याच शेजारणी सून किती वाजता परतली याचाही हिशेब ठेवतात, हेही खरे. पण मारहाणीच्या तक्रारीत साक्षीला उभ्या राहिल्या त्या त्याच.

२०१७ मध्ये पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरात स्वतंत्र संडास आला, याचा आनंद बायकांना किती झाला असेल ते मला कुणी सांगायला नको. चाळ जशीच्या तशी ठेवा म्हणणारे बहुधा तिथे राहत नसतात.

माझा प्रश्न कागदाचा आहे. खोली सरकारची, भाडेपावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाची. एक ताई तीस वर्षे खोलीचे भाडे भरत होत्या. नवरा वेगळा संसार मांडून बसलेला. पात्रता ठरवायची वेळ आली तेव्हा सही करायला तो हजर! कचेरीत ताईंना विचारले, "तुमचा पुरावा काय?" त्यांच्याजवळ जुने रेशनकार्ड होते आणि गिऱ्हाइकांचे हिशेब लिहिलेल्या चार वह्या. वह्या कुणी उघडूनही पाहिल्या नाहीत.

झोपडपट्टी पुनर्वसनात पती-पत्नी दोघांच्या नावे घर देण्याची तरतूद आहे. चाळीतल्या बाईला तेवढेही का मागू नये?

जतन म्हटले की एखादी खोली संग्रहालय म्हणून ठेवायची कल्पना निघते. ठेवा, त्यात स्टोव्ह आणि पाटा-वरवंटाही मांडा. पण ज्या इमारती अजून उभ्या आहेत, तिथे आपल्या गटांनी आधी मजल्या-मजल्यावर जाऊन बसावे. कोण कधी आली, भाडे कुणी भरले, खाणावळ किती वर्षे चालवली, हे तारखेनिशी लिहून घ्यावे, खाली दोन शेजारणींच्या सह्या घ्याव्यात. इतिहासाला ते कागद लागतीलच, त्याआधी कचेरीत लागतील. नायगावच्या दोन इमारतींपासून सुरुवात करू. ज्यांना रविवार जमतो त्यांनी आज जाण्याआधी नावे द्यावीत.