मगरिबनंतरचे आकाश आणि पृथ्वीचे चुंबक

(वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी किब्लानुमा असतो. त्यातील सुई उत्तरेकडे वळते, कारण पृथ्वी स्वतःच एक प्रचंड लोहचुंबक आहे, हे आपण शाळेत शिकतो. परंतु या चुंबकालाही अधूनमधून हादरे बसतात, आणि त्यांचा परिणाम भर समुद्रातील खलाशाच्या रेडिओवर होतो, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आज आपल्यापुढे तीच मांडावयाची आहे.

जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटरच्या वर हवा अतिशय विरळ होते. सूर्याच्या किरणांनी तेथील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या विद्युतभारित थरास आयनांबर म्हणतात. लघुलहरींना तो आरशासारखा परतवतो. म्हणूनच हजारो किलोमीटरवरील केंद्र आपल्या रेडिओवर लागते आणि जहाजावरचा संच दूरच्या बंदराशी बोलू शकतो. उपग्रहाचे संदेश मात्र या थरातून आरपार खाली येतात.

हा आरसा सर्वत्र सारखा नाही. चुंबकीय विषुववृत्तावर पृथ्वीच्या बलरेषा जमिनीला समांतर असतात. दिवसा तेथे सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे विजेचा एक जोरदार प्रवाह वाहतो. त्याच्याही वरचा विद्युतभारित वायू उचलला जातो आणि कारंज्याच्या पाण्यासारखा बलरेषांवरून उत्तरेस व दक्षिणेस उतरतो. त्यामुळे विषुववृत्तावर थर तुलनेने विरळ राहतो आणि दोन्ही बाजूंस दाट पट्टे तयार होतात. ॲपलटन या शास्त्रज्ञाने १९४६ साली हे दाखवून दिले. भारतातील दाट पट्टा साधारणपणे अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या भागावर येतो.

खरी गंमत मगरिबनंतर सुरू होते. सूर्य मावळताच थराची खालची बाजू झपाट्याने विरळ होते, तर वरचा दाट भाग आणखी उंच उचलला जातो. जड पाण्याखाली हलके तेल सापडले तर जे होईल तेच येथे होते. विरळ भागाचे बुडबुडे दाट थर फोडून वर चढतात. त्यांतून येताना उपग्रहाचा संदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो, कधी क्षणभर तुटतोही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी, विशेषतः सूर्यावर डाग पुष्कळ असतात अशा वर्षांत, दक्षिण भारतावर हे वारंवार घडते.

आता वादळाकडे वळू. सूर्यावर स्फोट होऊन बाहेर फेकलेला वायू एक ते तीन दिवसांत पृथ्वीपाशी पोहोचतो आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हादरते. हेच भूचुंबकीय वादळ. त्यामुळे बुडबुडे नेहमी वाढतात, असे कोणासही वाटेल. पण तसे नाही. वादळाचा पहिला विद्युत धक्का ध्रुवाकडून विषुववृत्तापर्यंत काही मिनिटांतच येतो. तो नेमका सूर्यास्ताच्या सुमारास आला तर थर अधिक उंच जातो आणि बुडबुडे जोर धरतात. पुढे काही तासांनी ध्रुवाकडची तापलेली हवा वारे पाठवते. ते वारे उलट दिशेचे विद्युत क्षेत्र निर्माण करतात, आणि मग संध्याकाळचे बुडबुडे उठतच नाहीत. उठले तर मध्यरात्रीनंतर. म्हणजे वादळ तेच, पण आपल्या घड्याळात किती वाजले असता ते आले, यावर परिणाम ठरतो. युरोपात किंवा अमेरिकेत काढलेला नियम आपल्या आकाशाला तसाच लागू पडत नाही. आपले आकाश आपणच मोजले पाहिजे.

हे मोजमाप आपल्याकडे फार जुने आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चुंबकीय नोंदी होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम आपल्या कोकणात, अलिबागला हलविण्यात आले. सप्टेंबर १८५९ च्या महावादळाची कुलाब्यातील नोंद २००३ साली पुन्हा तपासली गेली, आणि त्या वादळाचा जोर जगाला अंकांत कळला. ज्याने सुईकडे पाहून ते आकडे लिहिले, त्याला याचा उपयोग कधी दिसला नाही. तरी त्याने ते नीट लिहिले.

थुंबा हे केरळातील मच्छीमारांचे गाव चुंबकीय विषुववृत्ताजवळ होते, म्हणूनच अग्निबाणांसाठी निवडले गेले. गावातील ख्रिस्ती समाजाने आपले चर्च या कामासाठी दिले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. ते काम करणाऱ्या तरुणांत रामेश्वरमच्या एका नाववाल्याचा मुलगा होता. त्याचे नाव ए. पी. जे. अब्दुल कलाम.

पालकहो, आपल्या कोकणातील कित्येक घरांचा रोजगार समुद्रावर आहे. आज ट्रॉलरवरचा तांडेल उपग्रहाच्या यंत्रावर जागा पाहतो. मगरिबनंतर त्याच्या यंत्रातील आकडा का हलला, हे सांगणारे आपल्यातून किती निघाले? मुलगा दहावी झाला की परदेशाचा विचार, आणि मुलगी झाली की शाळा पुरे, ही घाई कृपा करून थांबवा. भौतिकशास्त्राला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याचे बळ घरातूनच मिळते.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही लगेच एक काम करू शकता. एक वही घ्या. लघुलहरींवरचे एकच केंद्र रोज मगरिबनंतर ठराविक वेळी ऐका. आवाज स्वच्छ, अस्पष्ट की नाहीच, हे तारीख-वार लिहा. वर्षभर एकही दिवस चुकवू नका. वर्ष संपेल तेव्हा वही तुम्हालाच प्रश्न विचारू लागेल, आणि अभ्यासाची खरी सुरुवात तेथून होईल.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म आणि सब्र दोन्ही देवो. आमीन.